टेलिकास्टर कॉपी आणि जुना आवाज: पावसाळ्यातल्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार. फोंडा

गिटार उघडली आज. टेलिकास्टरची कॉपी (टेलिकास्टर किंवा टेली म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार), चायनीज बनावट, नाव सांगण्यासारखं काय नाय, पण नेक, म्हणजे मान, खरंच चांगली आहे आणि वजनाला हलकी आहे म्हणून हिच्यावरच खर्च करायचं ठरवलं. चवथीत (गणेशचतुर्थीत) मंडळाचा कार्यक्रम आहे, जुनी भावगीतं आणि मधे मधे कोंकणी, संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्नाच्या काळातली, त्यात गिटारने ट्रम्पेट-सॅक्सच्या मागे बसून टुणटुणीत वाजायचं असतं, स्वच्छ, पण कानात सुई घातल्यासारखं नाय. आत्ता ब्रिज पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि कॉइल; ब्रिजचा मागे, नेकचा मानेजवळ) नेमकं तेच होतं, आणि नेक पिकअपवर गेलं की सगळं गढूळ. टोनचा नॉब फिरवला तर ९ पासून २ पर्यंत काहीच होत नाय आणि मग एकदम आवाजावर घोंगडी पडते.

नॉबांखालची कंट्रोल प्लेट उचलली तेव्हा नॉबचं कोडं लगेच सुटलं. दोन्ही पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर, बी५००के लिहिलंय, के म्हणजे हजार ओहम. बी म्हणजे लिनियर, अर्ध्यावर आणलं तरी अजून २५० के शिल्लक, तेवढ्यातून कपॅसिटरला ट्रेबल (वरचा बारीक आवाज) खायला मिळतच नाय, सगळी गंमत शेवटच्या कोपऱ्यात. ए टेपरचा (कानाच्या हिशोबाने उतरणारा) २५० के असता तर अर्ध्यावर साधारण २५ ते ३५ के उरले असते आणि कानाला नॉब हळूहळू फिरल्यासारखा वाटला असता. वर ५०० के म्हणजे सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) भारच कमी. फेंडरवाले सिंगल कॉइलला २५० के लावायचे, व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही मिळून कॉइलवर १२५ केचा भार, त्याने रेझोनन्सचं टोक, म्हणजे पिकअप ज्या सुरावर सगळ्यात जोरात बोलतो ते, बोथट होतं. इथे २५० केचा भार, टोक तसंच उभं.

पिकअप दोन्ही सिरॅमिक चुंबकाचे. खाली पट्टी मॅग्नेट चिकटवलेला आणि वरचे पोल नुसते लोखंडी, स्क्रू ड्रायव्हर लावला तर धड ओढतही नायत. ब्रिज ९.६ के दाखवतो मीटरवर. कपॅसिटर २२३, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड.

१७ जून

पाऊस तुफान, दुकानातून लवकर आलो, वही घेऊन बसलो. लोक नवीन पिकअप घेताना फक्त ओहम बघतात, ८ के की ९ के, जास्त म्हणजे भारी. ओहम म्हणजे तारेची लांबी आणि जाडी, बाकी फार काय कळत नाय. खरा आवाज ठरतो कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध, हेन्रीत मोजतात) आणि तिच्या पुढे जे काही लावलंय त्यावर, म्हणजे पॉट, कपॅसिटर, केबल, अँपचं (अँप्लिफायरचं) इनपुट.

टेली ब्रिजला साधारण ३ हेन्री धरले. कॉइलची स्वतःची कपॅसिटी (वीज साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरड, केबल मीटरला १०० पिकोफॅरड. तीन मीटरची केबल लावली तर एकूण ४००, रेझोनन्स ४६०० हर्ट्झच्या आसपास. सहा मीटरची लावली तर ७००, आणि तोच पिकअप ३५०० हर्ट्झवर येतो! हजारभर हर्ट्झचा फरक नुसत्या वायरीने. जुने लोक वापरायचे ती गुंडाळीवाली, टेलिफोनसारखी केबल, तिची कपॅसिटी याहून बरीच जास्त असायची. म्हणजे जुन्या रेकॉर्डवर टेलीचा जो गोडवा ऐकू येतो तो सगळा पिकअपचा नाय, केबलनेही टोक कापलेलं असतं. आणि आपण आज कमी कपॅसिटीची महाग केबल घेतो आणि मग म्हणतो गिटार टोचते.

म्हणून आधी पॉट, कपॅसिटर, वायरिंग. पिकअप बदलणार हे नक्की कारण हे सिरॅमिक गरम आहेत, म्हणजे सिग्नल जोरात सोडतात, अँपचा आवाज लवकर फाटतो, पण जुन्या पिकअपवर २५० केचे पॉट आधी लावून ऐकायचे म्हणजे कशाने किती बदललं ते कळेल. दोन्ही एकदम बदलले की पैसे कुठे गेले ते समजत नाय.

२४ जून, सांजांव (संत जॉनचा सण)

बाहेर पोरं डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतायत आणि मी पार्सल उघडतोय. दोन ए२५०के पॉट, मोठे २४ मिमीचे, तीन पोझिशनचा स्विच, कापडी वेष्टनाची वायर, अल्निको ५ चुंबकाच्या पिकअपचा सेट. मीटर लावला, एक पॉट २४१, दुसरा २२३. २० टक्के इकडेतिकडे चालतं असं कंपन्याच सांगतात त्यामुळे तक्रार नाय. २४१ वाला व्हॉल्यूमला, २२३ वाला टोनला.

पिकअप: ब्रिज ७.१ के, नेक ७.४ के. बघणाऱ्याला वाटेल उलटे पाठवले. नाय, टेलीच्या नेकला ४३ गेजची बारीक तार असते, छोट्या बॉबिनवर बसावी म्हणून, आणि ब्रिजला ४२. तार बारीक म्हणून रेझिस्टन्स जास्त, आवाज जास्त नाय. ब्रिजच्या खाली तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी प्लेट आहे, टेलीचा तो खास टणका बराचसा तिच्यामुळे, ती प्लेट मेणात नीट बसलेली नसली की मोठ्या आवाजात शिट्टी मारते. ही घट्ट आहे, नखाने वाजवून बघितली.

कपॅसिटर मात्र ऑनलाईन घेतले नायत. पणजीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधे पॉलिएस्टरवाले मिळाले, २२३, ४७३, १०४ (०.०२२, ०.०४७, ०.१ मायक्रोफॅरड), प्रत्येकाचे दोन घेतले तरी चहाच्या पैशांत झालं. पेपर-इन-ऑईलवर हजारो रुपये घालणाऱ्यांना माझा नमस्कार. गिटारच्या आत व्होल्टभरसुद्धा मुश्किलीने असतो, ६०० व्होल्टचा कपॅसिटर लावून तिथे कोण काय अडवणार. व्हॅल्यू बरोबर असली की झालं.

२९ जून

मोठ्या पॉटचा दांडा जुन्या भोकात जात नाय. अमेरिकन पॉटला ३/८ इंच लागतं, म्हणजे साडेनऊ मिमी, प्लेटला लहान भोक. ड्रिल लावलं तर पातळ पत्रा अडकून फिरतो आणि बोटं जातात, त्यामुळे रीमरने हळूहळू मोठं केलं, गोल कानशीने कडा साफ केल्या. नॉबही बदलावे लागले, जुने २४ दात्यांवर बसत नायत. हे काम कंटाळवाणं आहे, यावर जास्त लिहीत नाय.

पोकळीची खोली मात्र आधी मोजून घ्या. माझी जेमतेम पुरली, स्विचचा खालचा भाग लाकडाला टेकता टेकता राहिला.

६ जुलै, आषाढी

सकाळी देवळात, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि मग गिटार. जुनेच सिरॅमिक पिकअप, पण नवे २५० केचे पॉट आणि ४७३. फरक? टोचणं निम्म्याहून कमी झालं. खोटं नाय सांगत, इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, निदान ब्रिजसाठी. टोनचा नॉब पहिल्यांदाच कामाचा वाटला, ७ वर एक आवाज, ५ वर दुसरा. पण जोरात स्ट्रोक मारला की आवाज दाबल्यासारखा एकसुरी, हळू आणि जोर यात फरक पडत नाय, तो सिरॅमिकचा गुण तसाच आहे. भावगीताच्या मागे वाजवताना नेमका हाच फरक लागतो, कडव्यात हळू, म्युझिकमध्ये जरा उचलून. तेव्हा पिकअपही जाणार.

१३ जुलै

नवीन पिकअपची फेज (दोन्हींचा सिग्नल एकाच दिशेने जातो की नाय) तपासली. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो: मीटर ओहमवर ठेवायचा, पिकअपच्या दोन वायरींना लावायचा, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर पोलवर टेकवून पटकन उचलायचा, आकडा क्षणभर वर जातो की खाली ते बघायचं. मीटरची लाल-काळी त्याच क्रमाने दुसऱ्या पिकअपलाही लावायची. दोन्हींचा आकडा एकाच दिशेने हलला तर फेज बरोबर. उलटा हलला तर स्विच मधल्या पोझिशनला आवाज नाकातून येतो, पोकळ, बारीक. एका सेटमध्ये हा प्रश्न नको यायला पण एक नेक इकडून आणि ब्रिज तिकडून घेणाऱ्यांनी आधी हे करावं. नेकची पत्र्याची टोपी ग्राउंडला (सर्किटच्या शून्य टोकाला) जोडलेली असते, तिथे वायरी उलट करायला गेलं तर टोपी सिग्नलच्या टोकाला लागते आणि हात लावला की गुरगुर. आधी टोपीची वायर वेगळी काढावी लागते.

नेक पिकअप जुन्या पद्धतीने लाकडातच स्क्रूने बसवला, पिकगार्डला लटकवला नाय. खाली स्प्रिंगच्या जागी सायकलच्या व्हॉल्वला असते ती रबरी नळी कापून घातली, तीन रुपयांत काम. तोटा एवढाच की उंची बदलायची तर दर वेळी पिकगार्ड उघडा.

सोल्डरिंग सुरू केलं आणि लाईट गेली. पावसाळा आणि आमच्या वाड्यावरची लाईन, काय बोलणार. २५ वॅटचा आयर्न पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावायला तसाही कमी पडतो, पाठ मोठी असल्यामुळे उष्णता पसरते, आतली ट्रॅक जळायच्या आत टाका बसला पाहिजे. शेजाऱ्याकडचा ६० वॅटचा आणला, पाठ आधी सँडपेपरने घासली, दोन-तीन सेकंदात टाका. आणि एक, नळाच्या प्लंबरवाली फ्लक्स पेस्ट वापरू नका, ती आम्लाची असते, आपल्या हवेत महिन्याभरात टाका हिरवा. रोझिन कोअरची ६३/३७ तार घ्या, १८३ डिग्रीला एकदम वितळते आणि एकदम गोठते, मधली लगदा अवस्था नाय, त्यामुळे टाका हलून कोरडा पडत नाय.

२० जुलै

आजचा दिवस कपॅसिटरचा. टोन पॉटच्या पायाला कायमचं काही न लावता दोन क्रोकोडाईल क्लिप बाहेर काढल्या आणि एकेक कपॅसिटर अडकवून ऐकत बसलो. सगळ्यात आधी हे की टोन १० वर असताना तिघांत काही फरक नाय, कोणी ऐकू येतो म्हणाला तर डोळे बांधून परत ऐकवा त्याला. मधे २५० के उभे असतात, कपॅसिटर ०.०२२ असो की ०.१, त्याचा स्वतःचा अडथळा त्यापुढे काहीच नाय.

फरक खाली पडतो. टोन ० वर आणला की कपॅसिटर सरळ कॉइलला लागतो आणि त्या ३ हेन्रीबरोबर नवीन रेझोनन्स तयार करतो. हिशोब केला: ०.०२२ ला साधारण ६२० हर्ट्झ, ०.०४७ ला ४२५, ०.१ ला २९०. म्हणजे आवाज नुसता कमी होत नाय, खाली एक छोटा उंचवटा येतो. ०.०२२ शून्यावर असताना तो उंचवटा माणसाच्या तोंडातून आल्यासारखा, अं-अं करत बोलतो, मला आवडला. ०.०४७ गोल, जाझसारखा. ०.१ म्हणजे उशीखाली अँप.

फेंडरने सुरुवातीला ०.१ आणि नंतर ०.०५ वापरले हे खरं आहे, आणि परंपरा म्हणून ०.१ लावणारेही आहेत. पण त्या काळातल्या टेलीमध्ये एक वेगळीच भानगड होती. १९५० ला ब्रॉडकास्टर म्हणून आली, ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच म्हणून १९५१ ला टेलिकास्टर झाली, आणि सुरुवातीच्या गिटारींवर दुसरा नॉब टोनचा नव्हताच, ब्लेंडचा होता, ब्रिजमध्ये नेक किती मिसळायचा तेवढा. मग १९५२ च्या सुमारास नवीन वायरिंग आली जी १९६७ पर्यंत चालली, तीत पुढच्या पोझिशनला नेक कपॅसिटरमधून सरळ ग्राउंडला घातलेला, बेससारखा जाड आवाज, टोनचा नॉब तिथे बंद. मधल्याला नेक टोनसकट, मागच्याला ब्रिज टोनसकट. दोन्ही पिकअप एकत्र, जो आवाज आज टेलीचा सगळ्यात गोड समजतात, तो त्या वायरिंगमध्ये मिळतच नाय! स्विच दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवणारे ठेवायचे. त्यामुळे पारंपरिक म्हणजे नेमकं कुठलं साल हे आधी ठरवायला लागतं.

मी ठरवलं: पोझिशन आजच्याच, नेक, दोन्ही, ब्रिज. कपॅसिटर ०.०४७.

३ ऑगस्ट. मडगाव

अंकलकडे घेऊन गेलो. सत्तरच्या दशकात लग्नांच्या बँडमध्ये आणि तियात्राला (कोंकणी नाटकाला) वाजवायचे, आता बोटं दुखतात पण कान शाबूत. पहिला प्रश्न, "व्हॉल्यूम सगळो वयर कित्याक?" (सगळा वर का?) आम्ही आजकाल गिटारवर सगळं १० ठेवतो आणि पेडलवर खेळतो. ते व्हॉल्यूम ६-७ वर ठेवून वाजवायचे, सोलो आला की करंगळीने वर. त्यांनी ६ वर आणला आणि लगेच तोंड वाकडं केलं, ट्रेबल मेला होता.

कारण माहीत होतं, उपाय करायचा राहिला होता. व्हॉल्यूम खाली आणला की पिकअप आणि केबलच्या मधे पॉटचा रेझिस्टन्स येतो, पुढे केबलची कपॅसिटी, दोघं मिळून वरचा आवाज गाळतात. दोन वाटा आहेत. एक ट्रेबल ब्लीड, व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायात १००० पिकोफॅरड, त्याला समांतर १५० के. दुसरी, गिब्सन कंपनीवाल्यांची पन्नासच्या दशकातली पद्धत: टोन सर्किट व्हॉल्यूमच्या इनपुट पायाऐवजी मधल्या पायाला, म्हणजे आउटपुटला जोडायचं. वायर एकच हलवायची. टेलीवर हे मूळचं नाय हे मलाही माहितीये, पण ऐकायला जे बरं ते.

संध्याकाळी घरी येऊन दोन्ही ऐकले. ब्लीडने ६ वर आवाज उलटा बारीक होतो, जाडी जाते आणि धारच उरते, फंकला ठीक. गिब्सनवाल्या पद्धतीत ६ वर ट्रेबल बऱ्यापैकी राहतो आणि शरीरही राहतं. एकच आहे, टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांवर चढतात, टोन खाली आणला की व्हॉल्यूमही जरा पडल्यासारखा वाटतो. दोन दिवसांत हाताला सवय होते. हीच ठेवली. फोनवर ऐकवलं तर अंकल म्हणाले "आतां बरें", आता फोनवर काय कळलं असेल ते देव जाणे.

१० ऑगस्ट

हम. सिंगल कॉइल म्हटलं की तो आलाच, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हीला हमच म्हणतात. एक ती भुणभुण, ट्यूबलाईट, एलईडीचे ड्रायव्हर, मोबाईल चार्जर यांची, ती पोकळीला कॉपर टेप लावून आणि टेप ग्राउंडला जोडून बरीच गेली. टेपच्या प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या, गोंद वीज नेईलच असं नाय. दुसरा तो ५० हर्ट्झचा जाड घूं, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा, त्याला तांब्याची टेप अडवत नाय. अँपपासून लांब बसा, अंग थोडं फिरवा, एका कोनात कमी होतो. या सेटमध्ये नेक उलट गुंडाळलेली आणि उलट मॅग्नेटची आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र असताना तोही जातो.

ब्रिजच्या खालून येणारी ग्राउंडची वायर तपासली, तारांना हात लावला की भुणभुण थांबायला हवी. थांबते. पण घराचं अर्थिंग बघून घ्या, जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनमागे काहीच नसतं, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून अर्थिंग नसलेल्या अँपला लावलेल्या गिटारच्या तारा धरणं हा चेष्टेचा विषय नाय. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंगचा खड्डा नवा करून घेतला.

१७ ऑगस्ट

मंडळाच्या हॉलवर तालीम. तिथे अँप नाय, सगळं मिक्सरमध्ये. साऊंडवाल्या पोराने गिटार सरळ लाईन इनपुटला लावली आणि माझा एवढ्या महिन्यांचा आवाज एका जॅकमध्ये गेला, ओल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. लाईन इनपुट साधारण १० केचं. गिटार अँपचं १ मेगोहमचं असतं. ३ हेन्रीच्या कॉइलला १० केचा भार दिला की ९०० हर्ट्झपासूनच वरचं उतरायला लागतं, वर लेव्हलही जवळपास निम्म्यावर. पोरगा इक्यूवर (इक्वलायझरवर) ट्रेबल वाढवत होता, पण जे आलंच नाय ते वाढवून काय, नुसता सूं-सूं वाढला.

मिक्सरवर एका चॅनेलला हाय-झी (जास्त अडथळ्याचं इनपुट) लिहिलेलं बटण होतं, कीबोर्डवाल्याने अडवलेलं, त्याला त्याची काही गरज नव्हती. अदलाबदल केली. लगेच गिटार परत आली. कार्यक्रमात असं बटण नसेल तर १ मेगोहमचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडायची डबी) लागेल, तो भाड्याने सांगून ठेवलाय. आणि केबल मुद्दाम सहा मीटरची नेली होती, त्या ३५०० हर्ट्झसाठी. हार्मोनियमवाले काका म्हणाले गिटार आज गाण्याच्या अंगावर येत नाय. अजून काय पायजे.

२४ ऑगस्ट

परवा हरतालिका, मग चवथ, घरी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचं) सामान यायला लागलंय, त्यामुळे आज संपवतो.

तारा ११ च्या, शुद्ध निकेलच्या. निकेल मुलाम्याच्या स्टीलपेक्षा चमक कमी, या सेटअपला जुळते, आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत कुठलीही तार असो, वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसली नाय तर पंधरवड्यात खरखरते. पिकअपची उंची शेवटच्या पट्टीवर तार दाबून मोजली, जाड तारेकडे २.४ मिमी, बारीककडे २. अल्निकोचे पोल स्वतःच चुंबक असल्यामुळे जास्त जवळ आणले की तारेला ओढतात, वरच्या पट्ट्यांवर सूर लाटा मारतो. नेक त्याहून थोडी खाली ठेवली, नायतर ब्रिजला गिळते.

सॅडल (ब्रिजवरचे तारांचे आधार) बदलले नायत. जुन्या टेलीवर तीन पितळी असतात, दोन तारांना एक, दिसायला झकास, पण दोन तारांचं इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरचा सूर) एकावर कधी पूर्ण जुळत नाय आणि हार्मोनियमबरोबर वाजवताना ते लगेच उघडं पडतं. सहा आहेत ते सहाच बरे.

कार्यक्रमाची सेटिंग वहीत लिहून प्लेटच्या आत चिकटवलीये: भावगीतांना दोन्ही पिकअप, व्हॉल्यूम ६, टोन ८. कोंकणी नाचाच्या गाण्यांना ब्रिज, व्हॉल्यूम ७, टोन ५ ते ६. संथ गाणं असेल तर नेक, टोन ४.

जुने सिरॅमिक पिकअप भाच्याला दिले. त्याला मेटल वाजवायचंय, तिथे ते गरम पिकअप बरोबर बसतील, फक्त पॉट ५०० केचेच ठेव आणि टोनला तरी ए टेपरचा घे म्हणून बजावलंय.